गाडी नंबर चार सोडून

दगाआप्पा अहिरे या माणसाचा मी अकरा वर्षं हेवा केला. लपूनछपून, पण मनापासून. ते माझ्यापेक्षा श्रीमंत नव्हते, देखणे तर नव्हतेच. ठेंगणी मूर्ती, रुंद कान, डोक्यावर कायम पांढरी टोपी आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कडुलिंबाची काडी. पगार आम्हां दोघांचा सारखाच. तरी पहाटे पाचला फाटकातून आत शिरताना त्यांची गाडी आधीच धुऊन उभी असलेली दिसली, की माझा दिवस तिथेच नासायचा.

आम्ही दोघंही ड्रायव्हर. नाशिकहून ओझरकडे जाताना आडगाव मागे पडलं की हायवेपासून थोडी आत आमची हॅचरी होती. हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी उबवायचा कारखाना. मशीनमधून बाहेर पडलेली पिल्लं मोजून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायची आणि ऊन चढायच्या आत चांदवड, नांदगाव, सटाणा, कळवण, पार सुरगाण्यापर्यंतच्या शेडवाल्यांकडे पोचवायची, हे आमचं काम. एका खोक्यात शंभर पिल्लं. एक दिवसाचं पिल्लू म्हणजे मुठीत मावणारा पिवळा कापूस. दाणापाणी नसलं तरी ते दिवसभर तग धरतं, पण हवा नसली तर अर्धा तासही नाही. गाडी पळत असली की जाळीतून वारा खेळतो. गाडी उभी राहिली की आत भट्टी पेटते.

म्हणजे गाडी कुठे आणि किती वेळ उभी करायची, हाच आमच्या कामातला खरा प्रश्न होता. आणि मालकांचा नियम नेमका तिथेच आडवा येत होता.

मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस दिलदार, पण एकदा पोळलेला. आमच्या आधीच्या एका ड्रायव्हरने कुठल्यातरी पंपावर रॉकेल मिसळलेलं डिझेल भरून इंजिन बसवलं होतं, आणि दुसरा एक जण टाकीतलं डिझेल पाइप लावून काढायचा आणि विकायचा. त्यानंतर भाऊसाहेबांनी हायवेच्या फाट्यावरचा एक पंप ठरवून टाकला. ऑफिसच्या भिंतीवर पत्र्याची पाटी लागली: कंपनीच्या गाडीत फाट्यावरच्या पंपाशिवाय इतरत्र डिझेल भरू नये. एका गाडीतले डिझेल दुसऱ्या गाडीत घालू नये. मोडणाऱ्याने चावी जमा करावी. चावी जमा म्हणजे नोकरी संपली.

सकाळी पिल्लं मोजून झाली की रूट ठरायचा, रूटवरून लिटर ठरायचे आणि तेवढ्याचं कुपन हातात पडायचं. म्हणजे डिझेल भरायची वेळ यायची ती गाडीत पिल्लं चढल्यावरच. थंडीत काही बिघडत नसे. पंपावर दहा मिनिटं गेली तर गेली. एरवीही सकाळी तिथे गर्दी नसायची. त्यामुळे कुणाला त्या नियमात काही खोट दिसली नाही. मला तर तो आवडायचाच. मी नंबर एकच्या गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांत जुना, आणि नियम पाळणारा म्हणून माझं नाव होतं. दुसरं काही नाव नव्हतं, हेही खरं.

आप्पा आले ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला. बागलाणातले, सटाण्याच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यातले. बोलायला लागले की अर्धी अहिराणी आणि अर्धी आमची मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी काय केलं, तर चार नंबरच्या गाडीतला टेप काढून स्टोअरवाल्याच्या टेबलावर ठेवला.

"काय झालं, बिघडलाय का?" स्टोअरवाल्याने विचारलं.

"नई भो, चांगला शे. पण त्याच्यामुळे मागचं ऐकू येत नई."

मागचं म्हणजे पिल्लांचं. आप्पा गाडी चालवायचे ते पाठीमागच्या आवाजावर. पिल्लं जोरात चिवचिवायला लागली की त्यांना थंडी वाजतेय, मग एका बाजूची ताडपत्री खाली. आवाज बारीक होत गेला, मधूनच बंद पडायला लागला, की ती गरमीने तोंडं उघडून धापा टाकतायत, मग ताडपत्री वर आणि जाळीला ओलं गोणपाट. "गप बसलं म्हणजे सुखी शे असं नसतं," असं ते म्हणायचे. हे वाक्य ते पिल्लांबद्दलच बोलत, पण मला उगाचच वाटायचं की माझ्याकडे बघून बोलतात.

पिल्लं गाडीत असताना ते चहा पीत नसत. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटला तर गाडी न थांबवता हात दाखवत. पिल्लं उतरवून झाली की मात्र दोन तास एखाद्याच्या ओट्यावर बसून गप्पा मारतील. शेडवाल्यांच्या बायकांना ते अक्का म्हणत, आणि त्या बाया गाडी चार नंबरची आहे हे हॉर्नवरून ओळखत. माझ्या गाडीचा हॉर्नही तसाच होता. पण मी गेलो की त्या आधी विचारायच्या, "आज आप्पा नाही का आले?"

एक खोड मात्र त्यांना फार वाईट होती. गाडी आत आली की ते अंगणातूनच मोठ्याने विचारायचे, "माधव, किती गेले?" प्रवासात मेलेल्या पिल्लांना आमच्याकडे मरतूक म्हणत. ती रोज ऑफिसात लिहून द्यावी लागे. पण लिहून देणं वेगळं आणि चार लोकांत कुणी ओरडून विचारणं वेगळं. त्यांच्या मनात काही नसायचं. एखादा घरच्या आजाऱ्याची चौकशी करतो तशी ते करायचे. मला मात्र ते चारचौघांत कपडे उतरवल्यासारखं वाटायचं. मी आकडा कमी करून सांगायचो. आप्पांना तो खरा वाटायचा आणि ते म्हणायचे, "वा, चांगलं करं." त्यांच्या अहिराणीत करं म्हणजे केलं.

त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. दुसऱ्या दिवसापासून ट्रकवाल्यांचा संप होणार अशी बातमी होती. फाट्यावरच्या पंपावर सकाळीच रांग लागली, पार हायवेपर्यंत. मी एक नंबर घेऊन रांगेत लागलो, माझ्या मागे आप्पा. दोघांच्याही गाड्या नांदगावकडे जायच्या होत्या. पाच मिनिटांनी आरशात पाहतो तर चार नंबर रांगेतून मागे निघालेली. ते माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "माधव, निघ. हे काय आटपत नई."

"कुपन आहे ना आप्पा," मी म्हणालो.

"कुपन ऱ्हाऊ दे खिशात," ते म्हणाले आणि गेले. टाकीत होतं तेवढ्यावर त्यांनी चांदवड गाठलं आणि तिथल्या पंपावर स्वतःच्या खिशातले पैसे घालून डिझेल भरलं.

मी रांगेत तासभर उभा राहिलो. ऊन गाडीच्या डाव्या बाजूला आलं. मागे चिवचिवाट बारीक होत गेला आणि मला बरं वाटलं, की पिल्लं शांत झाली. नांदगावला शेडवर खोकी उघडली तेव्हा डाव्या बाजूच्या सगळ्या खोक्यांत पिल्लं एकमेकांवर पडलेली. दोनशे चाळीस गेली होती. शेडवाला नुसता एकेक पिल्लू पायाला धरून बाजूला काढत राहिला. ते बघण्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आप्पांची गेली होती तीन.

दुपारी भाऊसाहेबांनी दोघांना आत बोलावलं. समोर दोन कागद. त्यांनी आधी आप्पांना विचारलं, "नियम माहीत नव्हता?"

"नियम मले माहीत शे साहेब," आप्पा म्हणाले. "पण पिल्लासले माहीत नई."

भाऊसाहेबांनी कागद बाजूला सारले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माधव, तू नियम पाळलास. बरोबर केलंस. जा तू."

मी बरोबर केलं होतं. मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

तीन दिवसांनी पेंटर आला आणि त्याने पाटीवर एक ओळ वाढवली. पहिल्या वाक्यापुढे कंसात: गाडी नंबर चार सोडून. सबंध कंपनीत आप्पा एकटे, ज्यांनी हवं तिथे डिझेल भरावं, बिल आणून द्यावं आणि पैसे घ्यावेत. बाकी आम्ही सगळे फाट्यावरच्या रांगेत.

मी धीर करून भाऊसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "मी सगळ्यांत जुना. मग मला का नाही?"

"सगळ्यांना दिली तर ती सूट कसली, माधव?"

"पण मला?"

"त्या दिवशी त्याने स्वतःच्या खिशातून भरलं. ते पैसे परत मिळतील, नोकरी राहील, याची त्याला खात्री होती का? तू भरलं असतंस?"

मी हो म्हणालो नाही. खोटं बोलायचं तर चटकन बोलावं लागतं, आणि माझी वेळ निघून गेली होती.

तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला. हा माणूस कधीतरी चुकेल आणि ते मला दिसेल. आमचे रूट चांदवडपर्यंत बरेचदा एकच असत. मी मुद्दाम माझी गाडी त्यांच्या मागे ठेवू लागलो. ते कुठे थांबतात, कुणाशी बोलतात, टाकीचं झाकण कोण उघडतं, सगळं बघायचो. वर्षानुवर्षं बघितलं. या बघण्यातून मी त्यांचं बरंच उचललं, हे सांगायला आज हरकत नाही. माझ्या गाडीतला टेपही बंद राहू लागला. गोणपाटं मीही भिजवून घ्यायला लागलो, फक्त फाटकाबाहेर गेल्यावर, कुणाला दिसू नये म्हणून. माझी मरतूक निम्म्यावर आली. आप्पांनी एकदा माझ्या गाडीच्या जाळीवर वाळलेलं गोणपाट पाहिलं, हाताने चाचपलं आणि म्हणाले, "बरं करं." बस, एवढंच. ते "मी शिकवलं" असं म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

एकदा माझी गाडी गॅरेजला होती म्हणून मला त्यांच्याबरोबर कळवणला पाठवलं. मी मनातून खूश झालो. आज सगळं जवळून बघायला मिळणार होतं.

कळवणच्या अलीकडे एक छोटा पंप होता, दोनच मशीनं, आणि शेजारी मोठं चिंचेचं झाड. आप्पांनी गाडी थेट झाडाखाली घेतली. पंपावरच्या माणसाने न सांगता पाण्याची बादली आणली. आप्पांनी गोणपाटं काढून त्यात बुडवली, पिळली, परत बांधली. मग डॅशबोर्डमधून काचेची एक बाटली काढली. मशीनमधून आधी थोडं डिझेल बाटलीत घेतलं आणि उन्हात धरून बघितलं, खाली पाणी साचतं का ते. एवढं झाल्यावर टाकीत भरायला सांगितलं. मग चाकाजवळ उकिडवे बसून त्यांनी त्या माणसाच्या पोरीच्या लग्नाचं विचारलं. कान मात्र सगळा वेळ गाडीकडे. पाव तास गेला असेल. मी घड्याळ बघून ठेवलं.

बिल लिहिताना पंपवाल्याने पेन वर धरला आणि विचारलं, "आप्पा, किती लिहू?"

मी कान टवकारले. हा प्रश्न सगळ्या पंपांवर सगळ्या ड्रायव्हरांना विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कशाला विचारतात तेही सगळ्यांना ठाऊक असतं.

"अकरा भरलं ना तू?" आप्पा म्हणाले. "मग अकरा लिही."

पंपवाला हसला. "इतकी वर्षं विचारतोय, कधीतरी बारा म्हणाल असं वाटतं."

मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला आतून फार वाईट वाटलं. एका लिटरने, फक्त एका लिटरने तो माणूस माझ्यासारखा झाला असता.

घरीसुद्धा त्यांनी मला सोडलं नाही. दसऱ्याला हॅचरीत गाड्यांची पूजा असायची आणि आमच्या बायकामुलांना बोलावणं असायचं. आप्पांची मंडळी गावाकडे, त्यामुळे ते एकटेच. माझ्या बायकोला, शैलाला, त्यांनी सटाण्याची डाळिंबं दिली आणि म्हणाले, "सूनबाई, माधव गाडी चांगली चालवतो. नुसता वळणावर घाई करतो." परत येताना ती स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "किती मायेचा माणूस आहे. तुम्ही त्यांच्याविषयी घरी कधी बोलत नाही ते." पुढच्या वळणावर म्हणाली, "अहो, हळू. आप्पा काय म्हणाले?" मी डाळिंब खाल्लं नाही. तिने आणि मुलांनी ती संपवली. गोड होती म्हणे.

दोन हजार सालानंतर भाऊसाहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा मुलगा नितीनशेठ बघू लागला. तो पुण्याला शिकलेला, वागायला चांगला, पण त्याला सगळं एकसारखं हवं असायचं. कॉम्प्युटर आला, रूटचे छापील तक्ते आले. एक दिवस त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"माधवराव, तुम्ही सगळ्यांत जुने. पाटीवर ते चार नंबर सोडून असं का आहे?"

मला कारण माहीत होतं. दोनशे चाळीस आणि तीन. मी म्हणालो, "भाऊसाहेबांनी दिली होती सूट. मला तसं काही माहीत नाही."

"चार नंबरचं कधी काही वेगळं दिसलं तुम्हांला?"

नऊ-दहा वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न समोर येऊन बसला होता. मी जरा घुटमळल्यासारखं केलं. मग म्हणालो, "वेगळं असं नाही. पण कळवणच्या अलीकडे एक छोटा पंप आहे. तिथे आप्पा पाव-पाव तास थांबतात. पंपवाला घरच्यासारखा आहे त्यांचा."

एकही शब्द खोटा नव्हता. मी बादलीचं बोललो नाही, बाटलीचं बोललो नाही, आणि अकरा लिटरचंही नाही. नितीनशेठने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

चौकशी वगैरे झाली नाही. त्याला आप्पांवर संशय होता असंही मला वाटत नाही. त्याला फक्त ती ओळ नको होती, आणि मी तिच्याखालचा आधार काढून दिला. पेंटर आला, त्याने पाटी नव्याने रंगवली आणि कंस गेला. आप्पा पाटीसमोर उभे राहून ती वाचत होते. त्यांना वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "अक्षर चांगलं काढं." आणि गाडी धुवायला गेले.

मला वाटलं होतं की त्या दिवशी मला आनंद होईल. झालाही, दुपारपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल महिन्यात, सकाळी सहाला आम्ही दोघं फाट्यावरच्या पंपावर पोचलो तर डिझेल संपलेलं. टँकर रात्रीच यायचा होता, आला नव्हता. पंपवाला म्हणाला, "दहा-अकरा वाजतील." आप्पांच्या गाडीत सटाण्याकडची पिल्लं होती. एका विधवा बाईने नवीनच शेड टाकली होती, तिची पहिली बॅच. माझ्या गाडीत चांदवडची. आदल्या दिवशी माझा रूट अर्ध्यातून रद्द झाला होता, त्यामुळे माझी टाकी अर्धी भरलेली. आप्पांच्या टाकीत जेमतेम चांदवडपर्यंतचं.

ते माझ्या खिडकीशी आले. "माधव, तुन्हा टाकीत शे ना? वीस लिटर दे. पाइप शे मन्हाकडे. तुले चांदवडलेच जायचं, पुरेल तुले."

पुरलं असतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडे काही मागत होता. आणि मी कुठल्या तोंडाने बोललो ते माझं मला माहीत. म्हणालो, "आप्पा, एका गाडीतलं दुसरीत घालायचं नाही, असंही लिहिलंय पाटीवर."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. पिल्लं गप झाली की ऐकायचे, तसे.

"लिहेल शे," ते म्हणाले. "खरं शे."

मी गाडी चालू केली आणि निघालो. चांदवडला पिल्लं उतरवली. गेली फक्त चार. परत येईपर्यंत मी मनाशी ठरवत होतो, की आप्पा पंपावरच थांबले असतील, टँकर लवकर आला असेल.

ते थांबले नव्हते. माझ्यानंतर दहा मिनिटांनी निघाले, चांदवडला स्वतःच्या पैशाने डिझेल भरलं आणि दहाच्या आत सटाणा गाठलं. दुपारी दोनला गाडी आत आली. त्यांनी ती धुतली, पुसली, गोणपाटं वाळत घातली आणि मग नितीनशेठच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

त्यांनी टेबलावर चांदवडचं बिल ठेवलं आणि त्याच्या शेजारी चावी.

"हे काय आप्पा?"

"दुसरीकडे भरं मी. पाटीवर लिहेल शे, मोडणाऱ्याने चावी द्यावी."

नितीनशेठ गोंधळला. "आप्पा, बसा आधी. फोन करायचा होता मला."

"केला. कोणी उचलना नई. सहा वाजेल व्हते." आवाजात तक्रार नव्हती. "एक पिल्लू गेलं फक्त. बाई खूश व्हती."

"माधवराव होते ना तुमच्याबरोबर? त्यांच्याकडून घ्यायचं थोडं. अशा वेळी कोण काय म्हणणार होतं?"

आप्पांना दारातून मी दिसत होतो.

"माधव आधीच निघी गयथा," ते म्हणाले. म्हणजे डिझेल मागायच्या आधीच मी निघून गेलो होतो.

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं. तेही माझ्यासाठी.

नितीनशेठने आप्पांना थांबवलं असतं, असं मला आजही वाटतं. पण सूट त्यानेच काढली होती, पाटी नवी होती आणि बाकीचे ड्रायव्हर अंगणात उभे राहून बघत होते. तो म्हणाला, "दोन दिवस घरी जाऊन या. मग बोलू." आप्पा म्हणाले, "बरं." पण दोघांनाही कळलं होतं की बोलणं काही होणार नाही. जाता जाता आप्पांनी एवढंच सांगितलं, की चार नंबरचा डावा आरसा सैल आहे, कोणाला देशील त्याला सांगून ठेव.

त्यांनी पत्र्याची पेटी उचलली आणि ते चालत फाट्यावर गेले. मी थोडा वेळ बसून राहिलो, मग त्यांच्या मागे गेलो. सटाण्याची एसटी यायची होती. ते उसाच्या गुऱ्हाळाच्या सावलीत पेटीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो.

"आप्पा, नितीनशेठला ते मी सांगितलं होतं. कळवणच्या पंपाचं."

"माहीत शे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापासून. त्याने मले त्या पंपाचं विचारं. तो पंप तुलेच माहीत व्हता. दुसरं कोणी मन्हासंगे तठे आलंच नई कधी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? थांबत व्हतो मी तठे. तू खोटं कुठे सांगं?"

माफी मागावी असं फार वाटत होतं. त्याऐवजी मी जे म्हणालो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आप्पा, मी तुमच्या मागेमागे गाडी ठेवायचो ना, ती तुम्ही कुठे चुकता ते बघायला."

ते पहिल्यांदाच चकित झालेले दिसले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं.

"असं व्हय?" ते म्हणाले. "मले वाटे, संगतीले येतो. आरशात तुन्ही गाडी दिसे चांदवडलगून. बरं वाटे. काही झालं तर मागे माधव शे."

गुऱ्हाळवाल्याने दोन ग्लास रस आणून ठेवला. आप्पांनी एक माझ्या हातात दिला. अकरा वर्षांत आम्ही दोघं एकत्र काही प्यालो असं तेवढंच. पैसे द्यायला मी खिशात हात घातला तर ते आधीच देऊन झालेले.

एसटी आली. मी पेटी वर चढवून दिली. "येतो भो," ते म्हणाले, "सूनबाईले सांग." गाडीत पुष्कळ जागा होती, तरी ते खिडकी सोडून ड्रायव्हरच्या अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले. माझी समजूत होती की ते एकदा तरी बाहेर बघतील. पण गाडी हायवेवर वळायच्या आतच ते पुढे वाकून, कठड्यावर कोपरं टेकून ड्रायव्हरला काहीतरी सांगायला लागले होते. तो ड्रायव्हर मान मागे करून ऐकत होता आणि हसत होता.

तो कोण कुठला, मला माहीत नाही. पुढचे तीन तास आप्पा त्याच्या पाठीशी बसणार होते. मी फाट्यावर रिकामा ग्लास घेऊन उभा राहिलो, आणि गाडी ओझरच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत मला त्या ड्रायव्हरचा हेवा वाटत राहिला.